अर्धा वेळ, पूर्ण अधिकार

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कराड भागातून आलेल्या उद्योजक बंधू-भगिनींनो,

या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. अध्यक्षीय भाषणात उद्योगाच्या सगळ्याच प्रश्नांचा आढावा घ्यायची प्रथा आहे. पण वीजदर, व्याज, कुशल कामगारांची टंचाई आणि औद्योगिक वसाहतींतले रस्ते यांवर कालपासून जाणकारांचं भरपूर बोलून झालं आहे. माझ्या वाट्याचा सगळा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. वाढत्या कारखान्यात संगणक, सॉफ्टवेअर आणि माहितीचे निर्णय कोणी घ्यायचे? आणि त्यासाठी पूर्णवेळ तंत्रज्ञान प्रमुख परवडत नसेल, तर अर्धवेळ माणूस कसा नेमायचा?

भट्टी, मोल्डिंग, सीएनसी यांत आपल्याला कोणाचा हात धरायची गरज नाही. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथली फौंड्री उभी राहिली, आणि आज इथली कास्टिंग देशभरातल्या वाहनांत आणि ट्रॅक्टरांत बसतात. ते आपण शिकलो, कारण त्याचे निर्णय आपण स्वतः घेत होतो. ऑफिसातल्या संगणकाच्या बाबतीत मात्र निर्णय आपल्या हातात कधी आलेच नाहीत, आणि आता त्याची झळ बसायला लागली आहे.

ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, तेव्हा तो ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांसाठी होता. आपल्यापैकी बहुतेकांना वाटलं, हे मोठ्यांचं काम आहे. पुढे ती मर्यादा १०० कोटींवर आली, मग ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. तीन वर्षांच्या आत तो नियम जॉबवर्क करणाऱ्या छोट्या युनिटच्या टेबलावर येऊन बसला. एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक उद्योगाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा झाला. कोणती नोंद कधी आणि काय बदलली याचा माग त्यात राहतो आणि तो बंद करता येत नाही. सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी न घेतल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, वैद्यकीय तपासणीचे कागद हे सगळं आपल्याच संगणकांत पडलेलं असतं.

यातले पहिले दोन नियम आपल्या सीएंनी आपल्याला सांगितले. उरलेले दोन आपल्या कंपनीत कोणी वाचले? हा प्रश्न मी सभागृहातल्या प्रत्येकाला विचारतो, कारण मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांतल्या बहुतेकांकडे उत्तर नव्हतं.

आज आपल्याकडे असे निर्णय पाझरत पाझरत होतात. टॅलीचं काय करायचं ते अकाउंटंट ठरवतात. प्रिंटर आणि नेटवर्क एएमसीवाला मुलगा बघतो. ईआरपी कोणतं घ्यायचं ते डेमो दाखवायला आलेला विक्री प्रतिनिधी ठरवतो आणि सही आपण करतो. मालकाच्या मुलाने किंवा मुलीने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेलं असेल, तर उरलेलं सगळं त्यांच्यावर टाकलं जातं. मग ते मूल कारखाना शिकायच्या ऐवजी पासवर्ड रीसेट करत बसतं. ही सगळी माणसं प्रामाणिक आहेत. पण पाच वर्षांनी कंपनी कुठे असेल आणि तेव्हा आजची सिस्टीम पुरेल का, हा विचार करायची जबाबदारी यांतल्या कोणावरच नाही.

पूर्णवेळ तंत्रज्ञान प्रमुख ठेवावा, तर शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात त्याला रोज पुरेल इतकं काम नसतं आणि त्याचा पगारही झेपत नाही. बाहेरून ठराविक वेळ येणारा जाणकार मात्र आपल्याला नवा नाही. आपले सीए अनेक पेढ्यांचं काम बघतात, तरी आपल्या ताळेबंदावर त्यांची सही पूर्ण जबाबदारीची असते. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगारसंख्या कमी असेल तर डॉक्टर पूर्णवेळ नसला तरी चालतो, पण कामगाराला कोणत्या खात्यात ठेवायचं नाही हे तो सांगतो आणि आपण ऐकतो. वेळ थोडा असला तरी शब्द पूर्ण वजनाचा, ही व्यवस्था आपण दोन क्षेत्रांत मान्य केली आहे. तंत्रज्ञानात तीच आणायची आहे.

माझ्या परिचयाच्या एका फौंड्रीत असा माणूस नेमला, तेव्हा काय झालं ते जरा सविस्तर सांगतो. त्यांच्या एका ग्राहकाला एका कास्टिंगमध्ये तडा सापडला. ग्राहकाने विचारलं, याच हीटमधले बाकीचे नग कोणत्या लॉटमध्ये आले? उत्तर शोधायला माणसं रात्रभर रजिस्टरं चाळत होती, तरीही खात्रीने सांगता आलं नाही. लगेच दोन ईआरपी कंपन्यांनी ट्रेसेबिलिटीचं मॉड्यूल देऊ केलं. अर्धवेळ तंत्रज्ञान प्रमुख आठवड्यातून एक पूर्ण दिवस येत असत. त्यांनी सांगितलं, आत्ता काहीही विकत घेऊ नका, आधी मला एका कास्टिंगबरोबर चालू द्या.

ते भट्टीपासून निघाले. मेल्टिंगच्या रजिस्टरात हीट नंबर होता, स्पेक्ट्रोच्या रिपोर्टवरही होता. नॉकआउटनंतर तो नंबर पांढऱ्या ऑइल पेंटने कास्टिंगवर लिहिला जात होता. कास्टिंग शॉट ब्लास्टिंगला गेली की पेंट उडून जायचा. फेटलिंगवरचा कामगार बिन बघून आणि आठवून तोच नंबर खडूने परत लिहायचा. तिथून माल मशिनिंगला बाहेर जायचा. त्या चलनावर पार्ट नंबर होता, नग होते, वजन होतं, हीट नंबराचा रकानाच नव्हता. माग तिथे संपत होता. कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं असतं, तरी त्यात भरायला माहितीच नव्हती.

मग पॅटर्नमध्ये बदलता येणारा शिक्का बसवला. दिवसाचा आणि पाळीचा कोड कास्टिंगवरच उठून यायला लागला. छापील चलनबुकात एक रकाना वाढवला. बिनला पत्र्याचा टॅग लागला. याचा खर्च स्टेशनरीच्या आणि पॅटर्न शॉपच्या हिशेबात बसला. ईआरपी पुढच्या वर्षी घेतलं, तेही दाखवलेली निम्मी मॉड्यूल वगळून. त्याआधी आणखी एक कंटाळवाणं काम त्यांनी करून घेतलं, ते म्हणजे स्टोअरची आयटम यादी साफ करणं. एकच बोल्ट ‘एम १२ बोल्ट’, ‘बोल्ट १२ एमएम’, ‘हेक्स बोल्ट १२’ अशा नावांनी वेगवेगळा चढलेला होता आणि प्रत्येक नावावर वेगळा साठा दिसत होता. स्टोअरकीपर आणि अकाउंटंटबाई यांना शेजारी बसवून त्यांनी ती यादी ओळीओळीने तपासली. त्या बाईंचा सिस्टीमला विरोध होता असं सगळे म्हणत. प्रत्यक्षात आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

हे शक्य झालं, कारण मालकांनी पहिल्याच दिवशी सगळ्या खातेप्रमुखांना बोलावून सांगितलं होतं की संगणक, सॉफ्टवेअर किंवा नेटवर्क यांची कोणतीही खरेदी यांच्या सहीशिवाय होणार नाही, माझ्या घरच्या माणसाने सांगितली तरी नाही. माझ्या सगळ्या बोलण्याचं सार या एका निर्णयात आहे. अर्धवेळ माणसाला अधिकारही अर्धा दिला, तर आपण पैसे देऊन फक्त सल्ला विकत घेतो, आणि सल्ला फायलीत जातो.

हा उपाय सगळ्यांना लागू नाही. ज्यांचं सॉफ्टवेअर हेच उत्पादन आहे, त्यांनी पूर्णवेळ माणूसच शोधावा, हवं तर भागीदारी देऊन. चार मशिनांच्या युनिटला चांगला अकाउंटंट आणि नीट बॅकअप पुरेसा आहे. मधल्या गटासाठी, म्हणजे दुसरं युनिट टाकायच्या बेतात असलेल्या, निर्यातीकडे वळणाऱ्या किंवा मोठ्या ग्राहकाच्या पोर्टलला जोडून घ्यावं लागणाऱ्या उद्योगांसाठी मी हे सांगतो आहे.

निवड करताना पदव्या आणि मोठ्या कंपन्यांची नावं बघून हरखून जाऊ नका. उमेदवाराला विचारा, आजवर कोणती खरेदी तुम्ही होऊ दिली नाहीत, आणि का? ज्याने काहीच थांबवलेलं नाही त्याने निर्णयही घेतलेले नसतात. कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीकडून कमिशन घेता का, हे स्पष्ट विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या. आणखी किती कंपन्यांचं काम करता, त्यांत आपला स्पर्धक आहे का, कोणता वार आमचा, आणि रविवारी रात्री सर्व्हर बंद पडला तर फोन कोण उचलणार, हेही ठरवून घ्या. मुलाखत ऑफिसात घेऊ नका. त्यांना शॉपवर फिरवा. ते कोणाशी बोलतात, काय विचारतात, त्यावरून बरंच कळतं.

करार करताना दोन कायदे लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ सॉफ्टवेअरला साहित्यकृती मानतो. आपल्या नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम आपला होतो. बाहेरच्या व्यावसायिकाने लिहिलेला, वेगळा लेखी करार नसेल तर, त्याचाच राहतो, आपण पूर्ण पैसे मोजलेले असले तरी. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता. ज्यांना बाहेर देशात युनिट काढायचं आहे त्यांनी हे वाक्य वकिलाला दाखवावं. दुसरा कायदा १८७२ चा, करारांचा. त्याच्या कलम २७ मुळे काम सोडल्यानंतर एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून अडवणारी अट टिकत नाही. त्यामुळे ‘पुढे स्पर्धकाकडे जाणार नाही’ असल्या वाक्यावर विसंबू नका. गोपनीयतेचं कलम पक्कं करा आणि सगळ्या ॲडमिन पासवर्डची एक प्रत कंपनीच्या तिजोरीत ठेवा.

आणि नेमणुकीच्या दिवशीच त्यांच्या जाण्याचा विचार करा. आपल्याच कंपनीतली एक व्यक्ती त्यांच्या हाताखाली द्या. ती इंजिनिअर असलीच पाहिजे असं नाही, उत्पादन नियोजनातली किंवा डिस्पॅचमधली हुशार मुलगी चालेल. दोन-तीन वर्षांत रोजचं काम तिने सांभाळावं आणि बाहेरच्या माणसाचे दिवस कमी होत जावेत. असा वारसदार घडवायला जो नाखूश दिसेल, त्याला नेमू नका.

अशी माणसं मिळतील का, ही शंका मला नेहमी विचारली जाते. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आयुष्य घालवलेली आपल्याच गावांची माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांचे आईवडील इथे आहेत, घरं इथे आहेत. त्यांतल्या अनेकांना गावाच्या उपयोगी पडायचं आहे. आपण त्यांना यात्रेला आणि लग्नाला बोलावतो, कामाला बोलावत नाही. त्यांना फौंड्रीचा वास, पाळीची वेळ, पगाराच्या दिवसाची धावपळ नव्याने शिकावी लागेल, आणि ती शिकायला वेळ देणं हे आपलं काम आहे.

यासाठी एक प्रस्ताव मांडतो. एकाच औद्योगिक वसाहतीतल्या, एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या पाच उद्योगांनी मिळून एक अनुभवी तंत्रज्ञान प्रमुख आणावा. प्रत्येकाला आठवड्याचा एक वार मिळेल. करार प्रत्येकाचा वेगळा, माहिती प्रत्येकाची वेगळी, फक्त माणूस सामाईक. त्याला इथे घर करून राहण्याइतकं काम आणि मानधन मिळेल, आणि आपल्याला एका दिवसाच्या खर्चात पक्का अनुभव मिळेल. कराराचा मसुदा तयार करण्यासाठी सीए, वकील आणि दोन कारखानदार यांची समिती नेमावी, अशी सूचना मी अध्यक्ष म्हणून संयोजकांना करतो.

तोवर प्रत्येकाने परत गेल्यावर आपल्या कंपनीत तीन गोष्टी विचाराव्यात. कंपनीच्या वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? शेवटचा बॅकअप उघडून कधी बघितला? आणि सॉफ्टवेअर घेण्याचा शेवटचा निर्णय नक्की कोणी घेतला? यांतल्या एकाचं जरी उत्तर लगेच मिळालं नाही, तर आपल्याला अशा अर्धवेळ तंत्रज्ञान प्रमुखाची गरज आहे. पहिल्या पाच उद्योगांच्या गटासाठी नोंदवही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत आपली नावं द्या.