खेचरकानी हरिण आणि त्याचा वाटाड्या



झाडांना नवी पालवी फुटत असताना शिकारीवर बोलायला उभे राहणे म्हणजे औचित्याचा थोडासा भंगच आहे. चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा त्यांनी आमच्याकडे दोनदा पाहिले आणि हळूच विचारले, "म्हणजे आपण शिकार करता?" नाही. आम्ही आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही आणि जेवणात अंड्याच्या पलीकडे आमची मजल गेलेली नाही. पण २०२४ साली अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात एका शिकारीची तयारी आम्ही आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली आणि तिच्यातले एक कलम तर आमच्याच आग्रहाने घातले गेले. त्या कलमाची हकीकत सांगण्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत, डोंगराळ आणि कोरड्या मुलखात एक हरिण आढळते. त्याचे कान खेचराच्या कानांसारखे मोठे, म्हणून त्याचे नाव म्यूल डिअर. लुईस आणि क्लार्क ही जोडी १८०४ ते १८०६ या काळात खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेली, तिच्याच मोहिमेत हे नाव रूढ झाले. आपल्या सांबराप्रमाणे नराची शिंगे दरसाल गळतात आणि नवी येतात. शिंग एकदा दुभंगते आणि त्या दोन फांट्यांना पुन्हा बेचके फुटते. हे हरिण बिथरले की नुसते धावत नाही, तर चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखे उसळत जाते. चढावर आणि झुडपांतून अशा उड्या मारणाऱ्याच्या मागे लागणे कोणाही श्वापदाला जड जाते.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा डेन्व्हरला राहतो आणि तेथलाच नागरिक झाला आहे. त्याच्या कचेरीतले लोक दर शरद ऋतूत शिकारीला जातात, त्यांच्या संगतीने यालाही वाटू लागले. आम्ही त्याच्याकडे मुक्कामाला होतो. एके दिवशी त्याने आमच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर करारनामे वाचलेत. एवढे वाचा." आम्ही निवृत्त वकील. कागद पुढे आला की चष्मा आपोआप नाकावर चढतो.

कागद वाचताना आमची पहिली समजूत ढासळली. आम्हांला वाटले होते, पैसे टाकले आणि बंदूक खांद्याला लावली की झाले! तेथे जंगलातील प्राणी कोणाच्या शेतात चरत असले तरी शेतवाल्याच्या मालकीचे नसतात. ते जनतेचे, आणि सरकार त्यांचे विश्वस्त. कोलोरॅडोत १९९९ पासून या हरणाचा प्रत्येक परवाना मर्यादित आहे. मुलखाचे विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागात, प्रत्येक मोसमात किती परवाने द्यायचे ते कळपाची स्थिती पाहून ठरते. एप्रिलच्या आरंभी अर्ज करायचा आणि मेच्या अखेरीस सोडतीचा निकाल पाहायचा. परवाना मिळाला नाही तर एक गुण जमा होतो आणि पुढील साली ज्याचे गुण अधिक त्याचा नंबर आधी. भाच्याजवळ असे तीन गुण साठले होते.

या रांगेला एक आडवाटही आहे. मोठ्या जमिनींच्या मालकांसाठी परवान्यांचा काही हिस्सा राखून ठेवलेला असतो आणि तो हक्क त्यांना दुसऱ्यास देता येतो, म्हणजे व्यवहारात विकता येतो. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला रांगेत तिष्ठावे लागत नाही. याचे समर्थन असे की कळप हिवाळा काढतात तो पुष्कळदा खाजगी कुरणांत, तेव्हा मालकाला काही लाभ झाला तरच तो त्यांना राहू देईल. युक्तिवाद खोटा नाही. तरी पण जनतेचे म्हणून जे सांगितले त्याचे वाटप थैलीच्या वजनावर व्हावे, हे आम्हांला रुचले नाही. भाच्याने गुणांचीच वाट धरली, हे आमच्या उपदेशामुळे की परवान्याची किंमत ऐकून, ते आम्ही विचारले नाही.

मोसम निवडण्यातही डोके लागते. ऑक्टोबरच्या अखेरीस हरणे उंचावरून उतरू लागलेली असतात, पण नर अजून सावध असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात माजाचा काळ येतो. एरवी पान हलले तरी नाहीसा होणारा नर तेव्हा भर दिवसा मादीमागे उघड्यावर फिरतो. साहजिकच त्या मोसमाच्या परवान्याला गुण फार लागतात. भाच्याने ऑक्टोबरचा मोसम आणि वायव्येकडील मीकर गावाचा परिसर निवडला. याच मीकरला १९०१ च्या जानेवारीत थिओडोर रूझवेल्ट जॉन गॉफ नावाच्या वाटाड्याला घेऊन डोंगरी सिंहांच्या शिकारीस आला होता आणि त्याच सालच्या सप्टेंबरात तो राष्ट्राध्यक्ष झाला.

आता वाटाड्याचा प्रश्न. शेजारच्या वायोमिंगमध्ये कायद्याने संरक्षित केलेल्या निबिड अरण्यात मोठ्या प्राण्याच्या शिकारीस जायचे तर परक्या संस्थानातील माणसाला परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक सोबती घ्यावाच लागतो. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. पण ज्याला मुलूख ठाऊक नाही त्याने सरकारी जमीन कोठे संपते आणि खाजगी कोठे सुरू होते हे ओळखावे कसे? कुंपण नसले, पाटी नसली, तरी परवानगीवाचून खाजगी जमिनीत शिरणे तेथे गुन्हा आहे. म्हणून वाटाड्या हवा. शिकारीची सारी व्यवस्था करणाऱ्या अशा धंदेवाल्यास तिकडे आउटफिटर म्हणतात. त्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, विमा उतरावा लागतो, गिऱ्हाइकाशी लेखी करार करावा लागतो, आणि सरकारी जमिनीवर धंदा करायचा तर त्या खात्याची वेगळी परवानगी लागते.

भाच्याने तिघांकडून कागद मागवले होते. पहिल्याने थोरल्या शिंगांचा नर मिळण्याची हमी दिली होती. रानातल्या जिवाची हमी देणारा एकतर खोटे बोलतो किंवा प्राणी कुंपणात ठेवतो, असे म्हणून आम्ही तो कागद बाजूला सारला. दुसऱ्याच्या करारात विसार परत न करण्याची सात कारणे होती, परत करण्याचे एकही नव्हते. तिसरा मीकरकडचाच, साठीला टेकलेला माणूस. त्याने कागद पाठवण्याआधी दूरध्वनी केला आणि उलट भाच्यालाच प्रश्न विचारले. रोज किती चढ चढू शकतोस? पाच दिवसांत काहीच मिळाले नाही तर माझ्यावर चिडशील का? आणि बसल्या बैठकीतून, धाप लागलेली असताना, दहापैकी दहा गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात किती अंतरावरून मारशील?

भाचा म्हणाला, "चारशे यार्ड."

दुसऱ्याच दिवशी तो चांदमारीच्या मैदानावर गेला. बाकावर वाळूच्या पिशवीवर बंदूक ठेवून चारशे जमले. मग आम्ही त्याला मैदानाभोवती धावायला लावले आणि जमिनीवर बसवले. तीनशेवर दहापैकी सहा. अडीचशेवर दहा.

येथे आम्हांला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे बालपण परतवाड्याला गेले. १९६० च्या सुमारास मेळघाटच्या रानात जीप घेऊन रात्री शिकारीला जाणारी मंडळी बरीच होती. झोत टाकायचा, डोळे चमकले की बार काढायचा. वडिलांच्या एका स्नेह्याबरोबर आम्ही हट्टाने गेलो. वय दहा. एका सांबराला गोळी लागली आणि ते नाल्यात उतरले. अंधारात कोण उतरणार? "सकाळी पाहू," असे सांगून मंडळी डाकबंगल्यावर परतली. सकाळी रक्त सापडले, सांबर सापडले नाही. त्या रात्री नाल्यातून जो आवाज येत होता तो आम्हांला साठ वर्षांनंतरही ऐकू येतो. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आपल्याकडे शिकारीचा तो सारा व्यवहार संपला. आम्हांला त्याचे दुःख झाले नाही.

म्हणून आम्ही भाच्याला म्हणालो, "तुला जायचे तर जा. पण करारात लिही की अडीचशे यार्डांपलीकडे गोळी सुटणार नाही, आणि जनावर जखमी झाले तर उरलेले सारे दिवस त्याच्याच शोधात जातील." वाटाड्याने ते कलम आनंदाने घातले आणि खाली आपल्या हाताने एक ओळ जोडली : ज्याने हे लिहवले त्याला तळावर घेऊन यावे. असे आम्ही गेलो!

उन्हाळा तयारीत गेला. बंदुकीच्या सुरक्षित वापराचा वर्ग करून दाखला घेतल्यावाचून, १९४९ साली वा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तेथे सहसा परवाना मिळत नाही. भाच्याने तो केला. पाठीवर ओझे घेऊन तो टेकड्या चढू लागला. बंदुकीने शिकार करणाऱ्याने झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडे, निदान पाचशे चौरस इंच, आणि टोपीही त्याच रंगाची घातली पाहिजे असा नियम आहे. हरणाला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो. आम्हांला बंधन नव्हते, पण वाटाड्याने आम्हांसही ती वस्त्रे चढवली. आयुष्याच्या उतरणीवर भगवे नेसण्याचा योग असा आला.

तळावर सायंकाळी वाटाड्या बोलत असे. २०२२-२३ चा हिवाळा त्या भागात फार कडक गेला. बर्फ इतके साचले की हरणांना सेजब्रशची झुडपेदेखील उकरून खाता येईनात. उन्हाळ्यात अंगावर साठवलेल्या चरबीवरच ही जनावरे हिवाळा काढतात, आणि पाडसांजवळ ती थोडी असते. परवाने त्यानंतर कमी झाले, त्याचे गिऱ्हाईक घटले. आम्ही विचारले, राग नाही आला? तो म्हणाला, हरणे नसतील तर मी वाट कशाची दाखवू? या माणसाच्या पोटाचा आणि कळपाच्या जिवाचा हिशेब एकाच वहीत होता. रायफलीवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे आणि १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा संस्थानांना वन्यजीवांसाठी मिळतो. शिकाऱ्याच्या खिशातून हरणाचे रक्षण, ही गोष्ट पचायला आम्हांला दोन दिवस लागले आणि अजून ती पुरती पचलेली नाही.

शिकार म्हणजे धावपळ, ही आमची दुसरी समजूतही ढासळली. पहाटे अंधारात कड्यावर जाऊन बसायचे आणि दुर्बिणीने समोरची उतरण वीतवीत तपासायची. आख्खे हरिण शोधायचे नाही, कान शोधायचा, झुडपातली आडवी रेघ शोधायची. आणि वाऱ्यावर लक्ष ठेवायचे. पहाटे थंड हवा दरीकडे वाहते, ऊन तापले की ती वर चढते, सायंकाळी पुन्हा उतरते. माणसाचा वास एकदा गेला की दिवस फुकट.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी तो दिसला. रुंद, काळसर शिंगांचा थोर नर, ॲस्पेनच्या कडेला स्वस्थ उभा. वाटाड्याने अंतर मोजले. तीनशे ऐंशी. भाच्याने बंदूक टेकवली, आमच्याकडे पाहिले, मग वाटाड्याकडे पाहिले. तीन वर्षांचे गुण, काही हजार डॉलर, उन्हाळाभराचा घाम, सारे त्या पाहण्यात होते. खरे सांगतो, त्या क्षणी आम्हांलाही वाटून गेले की मारला तर लागेलही. वाटाड्या एवढेच म्हणाला, "अडीचशे." दोघे नाल्यातून सरपटत पुढे निघाले. पण ऊन उतरले आणि वारा फिरला. नराने मान वर केली आणि चार उसळ्यांत कडा ओलांडून गेला. त्या रात्री तळावर कोणी फारसे बोलले नाही. भाच्याने आमच्याशी तर मुळीच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी एक तरुण नर आला, दोनच फांट्यांच्या शिंगांचा. अंतर एकशे चाळीस. एकच बार झाला. हरिण तीसएक पावले गेले आणि कोसळले. आम्ही तेव्हा दुसरीकडे पाहत होतो, हे कबूल करतो. भाचा जवळ गेला आणि बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिला. मग परवान्याची चिठ्ठी फाडून, सही आणि तारीख घालून, ती जनावराला बांधली. कायदा हे तत्क्षणी करायला लावतो. खाण्याजोगे मांस टाकून देणेही तेथे गुन्हा आहे. तासाभरात सारे साफ करून, मांस थंड करून खेचरांवर चढले.

एक काम उरले होते. या हरणांत एक असाध्य रोग आहे. मेंदूची हळूहळू चाळण होते आणि जनावर झिजून मरते. १९६७ साली याच कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातील बंदिस्त हरणांत तो प्रथम ध्यानात आला. माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी रोगट हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून मुंडके तपासणीला दिले आणि मांस शीतपेटीत कुलूपबंद ठेवले. दोन आठवड्यांनी निकाल आला, रोग नाही. त्या रविवारी सूनबाईंनी खोबरे-मसाला भाजून रस्सा केला आणि आमच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठले.

परवाना मिळाल्यामुळे भाच्याचे गुण पुन्हा शून्यावर आले आहेत. २०२५ च्या एप्रिलात त्याने नुसता एक गुण मागणारा अर्ज भरला. वाटाड्याचे पत्र आले होते. तो रुंद शिंगांचा नर हिवाळ्यातून वाचला, त्याची गळलेली शिंगे त्याला सापडली, असे त्यात होते. पुढील खेपेस मामा येणार का, असेही विचारले होते. गुडघ्यांच्या डॉक्टरांना विचारून कळवतो, असे आम्ही उत्तर धाडले आहे.