ट्रॉलीची साखळी

मागच्या वेळी आपण व्याजाच्या हिशोबावर बोललो. आज बोलायचंय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबद्दल. "हे तर गड्यांचं काम," म्हणून रेडिओ बंद करू नका. ऊस असो की कडबा, ट्रॉलीच्या मागून चालणाऱ्या आपणच असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं कडबा आणायला ट्रॅक्टर भाड्यानं घेतला. ओढ्याच्या चढावर ट्रॉलीची पिन निसटली. साखळी नव्हती असं नाही, होती! पण अडकवली होती त्याच पिनेला. पिन गेली, तशी साखळीही गेली. भरलेली ट्रॉली मागं घसरत बांधाला जाऊन टेकली. आम्ही चौघी जरा मागं पाणी प्यायला थांबलो होतो, म्हणून वाचलो.

मग मी गावातल्या फिटरदादांकडून नीट समजून घेतलं. साखळ्या दोन हव्यात आणि त्या ट्रॅक्टरच्या मजबूत लोखंडाला वेगळ्या अडकवायच्या, पिनेला नाही. दांडीच्या खालून फुली मारून घ्यायच्या, म्हणजे डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. पिन निघाली तर दांडी त्या फुलीत झोळीसारखी अडकते, जमिनीत रुतत नाही. वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवायची, पण साखळी रस्त्यावर घासता कामा नये. लांब झाली म्हणून पीळ देऊन किंवा गाठ मारून आखूड करायची नाही, त्यानं ती कमजोर होते. आणि तार, दोर, जुनी विहिरीची साखळी तर नकोच. भरल्या ट्रॉलीचं सगळं वजन पेलेल अशीच साखळी हवी.

पिनेच्या खालची क्लिपही बघायची. चार आण्याची वस्तू, पण बरेचदा तिच्या जागी खिळा वाकवलेला असतो.

एक लक्षात ठेवा, साखळी म्हणजे ब्रेक नव्हे. ट्रॉली सुटली तर ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबायचा नाही, नाहीतर ट्रॉली ट्रॅक्टरवर येऊन आदळते. वेग हळूहळू कमी करायचा. आणि साखळी आहे म्हणून मालाच्या ट्रॉलीत बायापोरं बसवायची नाहीत. कायद्यालाही ते चालत नाही.

आता आम्ही भाडं ठरवतानाच साखळीचं विचारतो. मागच्या महिन्यात एक दादा चिडले, "ताई, तुम्हाला काय कळतंय यातलं?" मी दांडीखाली वाकून त्यांना एकच लोंबणारी साखळी दाखवली. ते गप्प घरी गेले, दुसरी घेऊन आले. तोवर आम्ही कडब्याची एक पेंढीही चढवली नव्हती.