बंदी, तिकीट आणि मेमो

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. कामगारवस्तीत, कामगारांच्याच बोलीत त्यांचा तमाशा रंगे. मुंबई सरकारने बंदी घातली. मग तमाशाचे लोकनाट्य झाले आणि डफ पुन्हा वाजला! त्याच अण्णा भाऊंचे चार रुपयांचे तिकीट १ ऑगस्ट २००२ रोजी निघाले. त्यावर शिक्के आम्ही टपालवाल्यांनीच मारले.

मेमो मात्र आम्हाला अजून इंग्रजीत मिळतो. सही आधी, अर्थ मागाहून, तोही हेडक्लार्कच्या तोंडून. आणि आमची पत्रके? दिल्लीचा मजकूर आम्हीही जसाच्या तसा वाटतो. गँगमन घडी घालून खिशात ठेवतो. पुढच्या द्वारसभेला पत्रकाआधी कोणीतरी डफ आणा.