वर्गाबाहेर, पण शाळेच्या आत

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, 'मुलांचे शिक्षण आणि निसर्ग'. विषय ऐकून आमचे एक जुने सोबती हसले. म्हणाले, "अहो, आपल्या बापजाद्यांची अख्खी हयात रानात गेली. तिथून सुटून आपण मुंबईत आलो, गिरणीत चिकटलो, पोरांना बाकावर बसवलं. आता तुम्ही पोरांना परत रानात धाडता काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'बाहेर' ह्या शब्दाचा आपला अनुभव वेगळा आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. शिपायाने वरून पाणी ओतलं तरच तहान भागायची. वर्गात जागा मिळवायला ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यापुढे कुणी झाडाखालच्या शाळेचं कौतुक करू लागला तर ते आधी विचारणारच, की बाबा, तुझं स्वतःचं पोर कुठं बसतं?

आणि ह्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी एक योजना काढली. अर्धा वेळ शाळा, आणि उरलेल्या वेळात मुलांनी आपापल्या घरचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोराने कातडं आणि न्हाव्याच्या पोराने वस्तरा! पेरियार आणि त्यांच्या लोकांनी रान उठवलं. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेले आहेत. त्यात सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकावं असं म्हटलं आहे. वाईट नाही. पण कुठलं पोर कुठल्या कामाला पाठवलं जातं, यावर आपला डोळा पाहिजे.

मग आम्ही कशाच्या बाजूने बोलतो आहोत? तर महात्मा फुल्यांच्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव काय मागतात बघा. वाचन, मोडी आणि बाळबोध लिहिणं, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान. शक्य असेल तिथे खेड्यातल्या शाळेला जोडून एक लहानशी नमुना शेती असावी, असंही त्यांनी सुचवलं. हिशेब सोडून शेती असं जोतीराव म्हणाले नाहीत. दोन्ही मागितलं. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जायची. मग बाईंनी काय केलं? मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणावर नेली! नावच 'कुरणशाळा'. लहानांसाठी पाड्यातल्या अंगणात शिकवायचं, ती अंगणवाडी. आज सरकारची अंगणवाडी गल्लोगल्ली आहे, त्या कल्पनेचं मूळ तिथलं. खडे, बिया, पानं, शिंपले हेच शिकवण्याचं साहित्य. आकडे शिकायला दुकानातून मणी आणायला नकोत. यात दया नव्हती, अक्कल होती. गुराख्याच्या पोराला गुराखीच ठेवायचं नव्हतं, म्हणून त्याच्या कुरणात पाटी नेली.

बंधू-भगिनींनो, आम्ही अठराव्या वर्षी बदली कामगार म्हणून त्रासनखात्यात लागलो. हवेतला ओलावा कमी झाला की सूत जास्त तुटतं, हे आमच्या बोटांना आधी कळलं. का तुटतं, ते पुढे रात्रशाळेच्या पुस्तकात सापडलं. पण बोटांना माहीत होतं म्हणून पुस्तकातला धडा डोक्यात बसला, आजवर हलला नाही. आमच्याच पाळीतल्या कित्येकांच्या बोटांना कळलं पण पुस्तक हातात आलं नाही, ते तिथेच राहिले. आणि आता नातवंडांचं उलटं झालं आहे. पुस्तक आहे, बोटांना काही माहीत नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिकवायला सांगितलं. त्याचं आमच्या वस्तीत काय झालं? दुकानात पर्यावरणाच्या तयार प्रकल्प वह्या मिळू लागल्या. नाव घाला आणि बाईंना द्या!

लालबाग-परळहून शिवडीची खाडी किती लांब? ओहोटीला चिखल उघडा पडतो, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. चिखलातलं शेवाळ, बारीक कोळंबी खाऊन त्यांचा रंग गुलाबी होतो. सातवीच्या मुलांनी आठवडाभर भरतीची वेळ लिहून ठेवली तर ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे त्यांचं त्यांनाच दिसेल, आणि चंद्राचा धडा निम्मा तिथेच होईल. कोळीवाड्यातल्या आजीला हे पंचांग न बघता सांगता येतं. तिला एक दिवस शाळेत बोलवा ना! धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचऱ्याचं मैदान होतं. १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्यावर जंगल कसं उभं राहतं, हे बघायला परदेशी जायला नको.

आणि कान्हेरी! आपण वंदनेला जातो, फोटो काढतो, डबा खाऊन परत येतो. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, शिलालेखात त्यांना 'पोढी' म्हणतात. वरच्या कातळावर पावसाचं पाणी टाक्यात आणायला पन्हळी कोरल्या आहेत. कल्याणच्या एका सोनाराने संघाला पोढी दान दिल्याचा लेख आहे. आता सांगा, यात किती विषय आले? टाक्याची लांबी, रुंदी, खोली मोजली की घनफळाचं गणित. खडक म्हणजे भूगोल. ब्राह्मी अक्षरं म्हणजे इतिहास. भिक्खू पावसाळ्यात एका जागी वर्षावास का करीत, तर फिरताना कोवळी रोपं आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून. हा परिसर अभ्यासाचा धडा आपल्या घरचाच आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्या परिसराचं नाव नागसेनवन. वन म्हटलं आहे, नुसती इमारत नाही.

आता कळीचा मुद्दा. एका शाळेची सहल वॉटर पार्कला गेली. फी भरता आली नाही म्हणून आमच्या चाळीतली चार पोरं घरी बसली. पाण्यात डुंबण्याला आमचा विरोध नाही, पण ह्याला शिक्षण म्हणू नका. आणि ज्याची फी भरली तोच निसर्ग बघणार असेल, तर पुन्हा आपलंच पोर गोणपाटावर बसलं की! आमची मागणी साधी आहे. बाहेरचं शिकणं वेळापत्रकात पाहिजे, तासाच्या वेळात, सगळ्या मुलांना, विनाशुल्क. पायी जमेल तिथे पायी, नाहीतर बेस्टच्या बसने. मुलींना 'उन्हात कशाला' म्हणून मागे ठेवायचं नाही. वर्गात परत आल्यावर जे बघितलं ते लिहून काढायचं आणि बाईंनी ते तपासायचं. लिहिलं नाही तर ती भटकंती.

हे मागायला आपल्या हातात कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमायची असते. त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला पाहिजेत. महापालिकेच्या शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्यातल्या किती जणांनी तो आराखडा बघितला आहे? समितीत नाव असलेल्या तीन भगिनी आज समोर बसल्या आहेत. त्यांना सहीपुरतं बोलावलं जातं, हे आम्हाला माहीत आहे. पुढच्या सभेला त्यांनी मुद्दा मांडायचा आणि आपण वीस-पंचवीस पालकांनी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं.

निवेदनाचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे, दोन पानं आहेत. खिरदान झालं की महिला मंडळाच्या टेबलावर ठेवू. वाचून, काही चुकलं असेल तर पेनाने दुरुस्त करून मगच सही करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवायचं, रे बाळांनो, मोठ्याने.

जयभीम! नमो बुद्धाय!