मातीतील ओलाव्याचा हिशेब

(सरपंच, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो. विहिरीत पाणी किती हे दोर सोडला की कळते. परंतु या दोहोंच्या मध्ये, शेताच्या मातीत किती पाणी मुरले, याची नोंद गावात सहसा कोठेच नसते. हा हरवलेला हिशेब मांडण्याचे काम मृदेतील ओलावा व जलविज्ञान यांचा अभ्यास करणारा पदव्युत्तर संशोधक करीत असतो.

त्याचे काम दिसण्यास साधे, पण चिकाटीची परीक्षा पाहणारे आहे. गिरमिटाने निरनिराळ्या खोलीवरील माती काढावयाची, ती तत्काळ डबीत बंद करून तोलावयाची, १०५ अंश सेल्सियस उष्णतेत चोवीस तास सुकवावयाची आणि पुन्हा तोलावयाची. १२५ ग्रॅम माती सुकून १०० ग्रॅम उरली, तर ओलावा २५ टक्के. पेरणीपासून कापणीपर्यंत हा क्रम चालू ठेवावा लागतो.

शेतकऱ्याला हे ज्ञान नवीन नाही. मूठभर माती दाबून तो वाफसा ओळखतो. संशोधक त्याच अनुभवाला आकडा देतो, आणि जेथे हात पोहोचत नाही तेथील ओलही मोजतो. माती हाताला ओलसर लागली तरी पीक सुकू शकते. कारण चिकणमाती काही पाणी इतके घट्ट धरून ठेवते की ते मुळांना मिळत नाही.

एका हेक्टरात १० मिलिमीटर ओल म्हणजे एक लाख लिटर पाणी. खोल काळ्या जमिनीच्या एक मीटर थरात पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. सोलापूरकडील रब्बी ज्वारी मुख्यतः याच शिदोरीवर पोसली जाते. उथळ, मुरमाड जमिनीत ही शिदोरी फारच तोकडी असते. म्हणून पाऊस सारखा पडूनही शेजारच्या दोन शेतांचे नशीब सारखे नसते.

२०१५ साली अवकाशात सोडलेला 'स्मॅप' उपग्रह मातीचा ओलावा टिपतो. पण त्याची दृष्टी वरच्या सुमारे पाच सेंटिमीटरपर्यंतच जाते. मुळांपाशी काय आहे, हे जाणण्यासाठी गिरमिट हाती धरावेच लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस व भूजल यांचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची वाट दाखविली. त्या ताळेबंदात मातीतील ओलीचाही रकाना हवा. पेरणीपूर्वी तो भरला गेला, तर बियाणे व श्रम वाया जाण्याचा धोका कमी होईल. बांधबंदिस्तीने पाणी मुरते, कोळपणीने भेगा बुजून ओल टिकते. या कामांचा खरा लाभ किती, हेही त्याच रकान्यात दिसेल.

तेव्हा असा संशोधक गिरमिट घेऊन शिवारात आला, तर पंचायतीने त्याला जागा द्यावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्याच्याबरोबर पाठवावे, आणि निघताना त्याच्याकडून आकडे मागून घ्यावेत. ते प्रबंधात राहिले तर त्याला पदवी मिळेल. गावाच्या फळ्यावर आले, तर गावाला पीक मिळेल.