गोचीड मऊ कशी?



आज आपण एका लहान किड्याविषयी बोलू. किडा लहान, पण त्याच्यापायी एका म्हातारीचा जीव जायची वेळ आली होती. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आम्ही तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावी शाळेवर होतो. गावाभोवती जंगल. घरे कुडाची. घरोघरी पाच-दहा कोंबड्या. एका उन्हाळ्यात एका घरच्या कोंबड्या मरू लागल्या. चांगली चालती-फिरती कोंबडी पंख पाडून बसे. दाणा खात नसे. हिरवी हगे. तुरा फिका पडे आणि थोड्याच दिवसांत ती मरून जाई. अशा अकरा कोंबड्या गेल्या.

घरधनी म्हणाला, "गुरुजी, ही करणी हाय. शेजारची म्हातारी रोज खुराड्याकडे पाहते."

म्हातारी विधवा, एकटी राहणारी. तिच्या दारासमोर माणसे जमू लागली. कोणाच्या हातात काठी होती.

आम्ही म्हणालो, "बाबांनो, एक रात्र थांबा. आधी खुराडे पाहू."

रात्री बॅटरी घेऊन आम्ही खुराड्यापाशी गेलो. उजेड पाडला. बांबूच्या फटींतून चपटे, करडे किडे निघत होते आणि कोंबड्यांच्या अंगावर चढत होते.

"हे तर ढेकूण जी!" घरधनी म्हणाला.

आम्ही म्हणालो, "पाय मोज."

त्याने मोजले. आठ भरले. ढेकणाला सहाच पाय असतात. हा ढेकूण नव्हे. ही गोचीड.

"गोचीड तं बैलाच्या कानात राहते. खुराड्यात काहून आली?"

मंडळी, प्रश्न चांगला होता. गोचिडीच्या दोन मोठ्या जाती आहेत. एक कठीण गोचीड, दुसरी मऊ गोचीड. बैलाच्या अंगावर असते ती कठीण. खुराड्यात लपते ती मऊ.

आता तुम्ही म्हणाल, बैलाची गोचीड रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी फुगते, बोटाला मऊ लागते. मग ती कठीण कशी? नाव दाबून पाहून ठेवलेले नाही. नाव पाठीवरून ठेवले आहे. बैलाच्या गोचिडीच्या पाठीवर एक टणक ढाल असते. नराची ढाल सगळी पाठ झाकते. मादीची ढाल डोक्यामागे थोडीशीच असते. म्हणून तिचे बाकीचे अंग फुगते. मऊ गोचिडीला अशी ढालच नसते. तिची कातडी सुरकुतलेली, चामड्यासारखी असते. तिचे तोंडही अंगाखाली असते. वरून पाहिले तर दिसत नाही.

दोघींची चालही वेगळी. कठीण गोचीड जनावराला दिवसेंदिवस चिकटून राहते. मादी एकदाच हजारो अंडी घालते आणि मरते. मऊ गोचीड चोरासारखी आहे. दिवसा फटीत लपते. रात्री येते, अर्ध्या-पाऊण तासात रक्त पिते आणि परत फटीत जाते. पुन्हा पुन्हा रक्त पिते, पुन्हा पुन्हा अंडी घालते. मोठी झालेली गोचीड काही न खाता वर्ष-दोन वर्षेही जगते. म्हणून रिकामे खुराडे सुरक्षित समजू नका. तिची सहा पायांची पिल्ले मात्र काही दिवस कोंबडीच्या पंखाखाली चिकटून राहतात.

पण कोंबड्या मेल्या कशाने? ही गोचीड रक्त पिते आणि रोगाचे जंतूही सोडते. १९०३ साली दूर ब्राझील देशात मार्शू आणि सालिंबेनी या दोन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. करणी नव्हे, नजर नव्हे. जंतू!

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी उरलेल्या कोंबड्यांना सुई दिली. बऱ्याच वाचल्या.

मग उपाय कोणता? नुसती कोंबडी धुऊन भागत नाही. चोर भिंतीत बसला आहे. जुने बांबूचे खुराडे घरापासून दूर नेऊन जाळा. नवे खुराडे कुडाला टेकवू नका. भिंतीच्या फटी मातीने लिंपा, वर चुना लावा. लाकडी खुराडे असेल तर फटीत उकळते पाणी ओता. अंडी मागे राहतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी हे पुन्हा करा. औषध डॉक्टरांना विचारूनच मारा. कपाशीवरचे औषध खुराड्यात मारू नका. त्याने कोंबडीला आणि घरातल्या लेकरालाही अपाय होतो.

तसेच, कोणा बाईला चेटकीण म्हणून छळणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या म्हातारीच्या दारासमोरची माणसे पांगली. काठ्या घरी गेल्या. पण एकानेही तिची माफी मागितली नाही. त्या वेळी आम्हीही कोणाला तसे सांगितले नाही. ते आम्हाला आजही खुपते.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या खुराड्यात कोंबडी मेली तर आधी बॅटरी घ्या. फटीत पाहा. पाय मोजा. शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवू नका.