गाडीच्या धुराची परीक्षा



आमच्या घरची मोटार पुलगाव-वर्धा भाड्याने चालते. मागे तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला व पेट्रोल फार जाऊ लागले. "दिव्याची तारच काढून टाका," असा सल्ला एका गृहस्थांनी दिला. मला तो पटेना. चूल धुपू लागली तर आपण लाकडे पाहतो, डोळे मिटून बसत नाही!

सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर म्हणून अंगठ्याएवढी वस्तू असते. धुरात प्राणवायू किती उरला हे ती बाहेरच्या हवेशी ताडून इंजिनाच्या संगणकाला कळविते. त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त सुटते. १९७६ साली व्होल्वो मोटारीत ती आली. २०२० च्या भारत स्टेज ६ नियमांपासून आपल्या स्कूटरींनाही ती असते. ती बिघडली व तसेच दामटले, तर धूर शुद्ध करणारा पुढचा डबा तापून जातो, आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग!

दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला, असे मात्र नव्हे. म्हणून मिस्त्रीने आधी यंत्र लावून दोष वाचला, वायर कुठे तुटली का तेही पाहिले. मग नळी निवल्यावर पान्याने जुना सेन्सर काढला. नव्याच्या टोकाला त्याने बोट वा ग्रीस लागू दिले नाही. दोन्हींवरचे नंबर मी स्वतः ताडून घेतले.